जुन्या कुऱ्हाडीची धार

अमेरिकेच्या ईशान्य भागांतील जुन्या बाजारांत गंजलेल्या लोखंडी सामानाच्या राशींतून कुऱ्हाडींचीं पातीं आजहि हटकून आढळतात. कोणाचा दांडा मोडलेला असतो, कोणाचा मुळींच नसतो, तर कोणाच्या नेढ्यांत जुन्या लांकडाचा तुकडा पाचरीसह तसाच अडकून राहिलेला असतो. त्यांतच एका हातानें चालविण्याजोग्या लहान कुऱ्हाडी, म्हणजे हातकुऱ्हाडी, पुष्कळ असतात. एखादा हौशी गृहस्थ त्यांतील एक उचलतो, घरीं नेतो, तिचा गंज काढतो, नवा दांडा बसवितो, धार लावतो, आणि तिला पुनः कामाला सिद्ध करतो. सुट्टीच्या दिवसांतला हा एक निरुपद्रवी विरंगुळा होय.

परंतु या तीन कामांपैकीं तिसरें काम, धार लावण्याचें, दिसतें तितकें साधें नाहीं. कुऱ्हाडीची धार कोणीं लावावयाची, विकणाऱ्यानें कीं घेणाऱ्यानें, हा एके काळीं व्यापारांतील मोठा प्रश्न होता. त्या प्रश्नाच्या एका उत्तरावर एक गांव वसलें, एक कारखाना सव्वाशेंहून अधिक वर्षें चालला, आणि त्या उत्तराची किंमत ज्यांनीं आपल्या श्वासानें भरली त्यांचीं नांवें मात्र कोणत्याहि पात्यावर कोरलेलीं नाहींत. जुनी कुऱ्हाड दुरुस्त करणें म्हणजे हा इतिहास उलट्या क्रमानें हाताळणें होय.

जुनी हातकुऱ्हाड विकत घेतांना जाणता मनुष्य प्रथम गंजाकडे पाहत नाहीं. वरवरचा गंज घासल्यानें जातो. तो पाहतो तें पात्याचें अंग. नेढ्याच्या बाजूंस चीर गेलेली असेल, तर तें पातें कितीहि स्वस्त मिळो, व्यर्थ होय. मागचा बोथट माथा ठोकून ठोकून छत्रीसारखा पसरला असेल, तर पूर्वीच्या मालकानें कुऱ्हाडीकडून घणाचें काम घेतलें असें समजावें. सर्वांत महत्त्वाची परीक्षा धारेजवळ असते. जुन्या पद्धतीच्या कुऱ्हाडीचें सर्व अंग पोलादी नसे. अंग मऊ लोखंडाचें, आणि धारेपुरती पोलादाची पट्टी भट्टींत जोडलेली, अशी तिची घडण असे. पोलाद महाग आणि लोखंड स्वस्त हें एक कारण. शिवाय सर्वच पातें कडक असतें तर घाव बसतांच तें फुटण्याचें भय असे. मऊ अंगानें धक्का सोसावा आणि कडक ओठानें लांकूड कापावें, अशी ही श्रमविभागणी होती. अनेक वर्षें घासून घासून तो पोलादी ओठ संपला असेल, तर मागें उरतें तें नुसतें लोखंड, आणि त्याला कितीहि धार लावली तरी ती टिकत नाहीं. म्हणून जाणता मनुष्य धारेवरून हलकेच कानस फिरवून पाहतो. कानस घसरली तर पोलाद शिल्लक आहे. ती सहज चावली तर ओठ झिजून गेला आहे किंवा त्याचा कडकपणा नष्ट झाला आहे.

घरीं आणल्यावर पातें शिरक्यांत कांहीं तास बुडवून ठेवलें कीं गंज सुटतो, आणि त्याबरोबर दोन गोष्टी उघड होतात. पहिली म्हणजे पोलाद आणि लोखंड यांची सीमारेषा. आम्लाचा परिणाम दोहोंवर सारखा होत नसल्यामुळें पोलादी ओठ गडद दिसूं लागतो आणि किती धार उरली आहे हें डोळ्यांनीं मोजतां येतें. दुसरी गोष्ट म्हणजे कारखान्याचा छाप. अमेरिकेंत मिळणाऱ्या जुन्या पात्यांपैकीं कित्येकांवर जो छाप निघतो तो असतो कॉलिन्स कंपनीचा, आणि त्याबरोबर हार्टफर्ड या शहराचें नांव. हार्टफर्ड हें कनेक्टिकट संस्थानाच्या राजधानीचें शहर. प्रत्यक्ष कारखाना मात्र तेथून कांहीं मैलांवर फार्मिंग्टन नदीच्या कांठीं होता.

कॉलिन्सच्या आधीं अमेरिकेंतील कुऱ्हाड ही गांवच्या लोहाराची कृति होती. लोखंडाची पट्टी तापवून ती मधोमध वांकवावयाची, वांकलेल्या भागांत दांड्यासाठीं नेढें राखावयाचें, दोन्ही टोंकांमध्यें पोलादाची पट्टी घालावयाची, आणि घणाच्या घावांनीं सर्व एकजीव करावयाचें, ही तिची रीत. मग धारेला पाणी द्यावयाचें. परंतु लोहाराच्या हातून बाहेर पडलेली कुऱ्हाड जाड ओठाची आणि बोथटच असे. धार काढण्याचें काम गिऱ्हाइकाचें. विकत घेणारा शेतकरी किंवा लांकूडतोड्या घरच्या दगडी चाकावर तासन् तास बसून ती कामाजोगी करी. महाराष्ट्रांतील गांवगाड्यांत ही गोष्ट थोडी वेगळ्या रीतीनें होत असे. येथें लोहार हा बलुतेदार असल्यामुळें कुणब्याचे फाळ, विळे आणि कुऱ्हाडी शेवटून देणें, म्हणजे झिजलेलें टोंक तापवून, ठोकून पुनः धारेवर आणणें, हें त्याचें वर्षभराचें कर्तव्य होतें, आणि त्याचा मोबदला त्याला खळ्यावर धान्याच्या रूपानें मिळे. हत्याराचा विक्रय एकदां आणि दुरुस्ती जन्मभर, असा तो व्यवहार होता. अमेरिकेच्या नव्या वसाहतींत वस्ती विरळ आणि जंगल अफाट. तेथें एका लोहारावर सर्व गांवाचा भार घालणें शक्य नव्हतें.

ही अडचण म्हणजेच व्यापाराची संधि, हें सॅम्युएल आणि डेव्हिड कॉलिन्स या दोघां बंधूंनीं ओळखलें. सन १८२६ मध्यें, आपला चुलतभाऊ विल्यम वेल्स याच्यासह, त्यांनीं कँटन या गांवाच्या हद्दींत नदीकांठची एक जुनी पिठाची चक्की घेतली आणि तेथें कुऱ्हाडी घडविण्यास आरंभ केला. घासून, चकचकीत करून, हातांत घेतांच झाडावर चालवितां येईल अशी कुऱ्हाड मोठ्या प्रमाणावर विकण्याचा अमेरिकेंतील हा आरंभ समजला जातो. नदीचें पाणी चाकें फिरवी. चाकांवर दगड फिरत. दगडांवर पातीं घासलीं जात. गिऱ्हाइकाचे श्रम वाचले. पश्चिमेकडे जंगल तोडीत निघालेल्या वसाहतवाल्यांना तयार धारेचें मोल कोणीं समजावून सांगण्याची गरज नव्हती. कारखान्याभोंवतीं कामगारांचीं घरें उठलीं, आणि त्या वस्तीचें नांवच कॉलिन्सव्हिल असें पडलें.

सन १८३२ मध्यें तेथें एलिशा रूट नांवाचा एक तरुण यंत्रकारागीर कामास लागला. त्यानें कुऱ्हाडीची घडणच पालटली. पट्टी वांकवून जोडण्याऐवजीं तापलेल्या सबंध लोखंडांतून ठशानें नेढें पाडणारीं यंत्रें त्यानें रचलीं. पुढें १८४० च्या दशकांत त्यानें पात्याच्या बाजू दगडावर घासण्याऐवजीं पोलादी हत्यारानें तासून काढण्याचें यंत्रहि तयार केलें. सुतार रंधा मारतो त्या प्रकारें तें धातूची साल काढी, आणि त्यामुळें दगडावरचें घासणें बरेंच कमी झालें. सन १८४९ मध्यें रूटला हार्टफर्ड येथील पिस्तुलांचा प्रसिद्ध कारखानदार सॅम्युएल कोल्ट यानें आपल्याकडे नेलें, आणि कोल्टच्या मृत्यूनंतर १८६२ मध्यें तो त्या कंपनीचा अध्यक्षहि झाला. यंत्रविद्येच्या इतिहासांत त्याचें नांव पिस्तुलांमुळें अधिक घेतलें जातें. परंतु त्याचें हात बसलें तें कुऱ्हाडींवर.

कॉलिन्सचा छाप इतका विश्वासाचा ठरला कीं त्याची नक्कल होऊं लागली. इंग्लंडांतील कांहीं कारखानदार आपल्या मालावर कॉलिन्स आणि हार्टफर्ड हींच नांवें ठोकून तो परदेशीं विकूं लागले. कंपनीनें इंग्लंडांतच दावे लावले, आणि १८५७ मध्यें लंडनच्या चॅन्सरी न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, परकीय व्यापाऱ्याचा छाप लबाडीनें वापरणें हाहि गुन्हाच असून त्याविरुद्ध इंग्रज न्यायालयांत दाद मागतां येते. व्यापारचिन्हांच्या कायद्यांत या खटल्यांचा उल्लेख होत असतो. पुढें कंपनीनें आपल्या अस्सल मालावर लॅटिन भाषेंतील ‘लेजिटिमस’, म्हणजे ‘खराखुरा’, हा शब्द कोरण्यास सुरुवात केली. गंजाखालून हा शब्द निघाला कीं जुन्या हत्यारांच्या शोधकाला आजहि आनंद होतो. छापाचें नांव कोणाचें, यासाठीं समुद्रापलीकडच्या न्यायालयापर्यंत झगडा झाला. धार कोणाच्या हातची, हें विचारण्याचें मात्र पुष्कळ काळ कोणाच्या मनांत आलें नाहीं.

पातें स्वच्छ झाल्यावर दांड्याची पाळी येते. अमेरिकन कुऱ्हाडीला हिकरी नांवाच्या झाडाचें लांकूड लागतें. तें चिवट असतें आणि घावाचा धक्का हातापर्यंत पोंचूं देत नाहीं. दांडा निवडतांना टोंकाकडून लांकडाच्या रेषा पाहाव्या लागतात. त्या पात्याच्या धारेच्या दिशेनें उभ्या जात असतील तर दांडा टिकतो. आडव्या असतील तर एक दिवस तो चिरतो. नेढें मध्यें अरुंद आणि वरच्या तोंडाला किंचित् रुंद असतें. दांड्याचें टोंक त्यांत ठोकून बसविलें आणि वरून चिरेंत लांकडी पाचर मारली, कीं लांकूड फांकतें आणि पातें निसटूं शकत नाहीं. शेवटीं दांड्यावर जवसाचें तेल चोळतात. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, अशी आपल्याकडे म्हण आहे. झाडाचेंच लांकूड झाडावर उठतें, हा तिचा आशय. परंतु दांडा तर दर कांहीं वर्षांनीं बदलतो. कुऱ्हाडीच्या इतिहासांत जो खरा गोतास काळ ठरला तो दांड्यांत नव्हता. तो धारेच्या दगडांत होता.

पोलाद घासण्याचा दगड म्हणजे वाळूचा घट्ट झालेला खडक. त्याचे कण गारगोटीच्या जातीचे. चाक वेगानें फिरूं लागलें आणि त्यावर पोलाद दाबलें, कीं पोलाद झिजतें तसा दगडहि झिजतो, आणि त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेंत मिसळतात. इंग्लंडमधील शेफिल्ड शहरांत चाकू, कात्र्या आणि कांटे घासणारे कारागीर घोड्यावर बसल्याप्रमाणें लांकडी बैठकीवर बसून चाकावर वांकत आणि दिवसभर ती धूळ आंत घेत. तेथील वैद्य अर्नाल्ड नाईट यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच या लोकांच्या दम्याचें वर्णन केलें होतें. कोरड्या दगडावर काम करणारा पस्तिशी क्वचितच ओलांडतो आणि ओल्या दगडावर काम करणारा पंचेचाळिशी, असा त्यांचा अनुभव होता. फ्रीड्रिख एंगल्स यानें १८४५ सालच्या आपल्या इंग्रज मजूरवर्गावरील ग्रंथांत हीच साक्ष नोंदविली आहे.

शेफिल्डची ही कथा कॉलिन्सव्हिलमध्येंहि घडली. तयार धारेचा लौकिक जसजसा वाढला, तसतसे घासण्याच्या दालनांतले मजूर खोकत गेले. रूटच्या यंत्रानें कामाचा भार कमी केला, पण दगड अजीबात सुटला नाहीं. शेवटची धार दगडावरच निघे. हें काम जीवघेणें आहे असें कळूं लागल्यावर तें मुख्यतः परदेशांतून नव्यानें आलेल्या मजुरांच्या वाट्यास आलें. नव्या देशांत पोट भरावयास आलेल्या मनुष्याला काम निवडण्याची मुभा फारशी नसते. त्यांच्या मरणाची नोंद बहुधा क्षय या साध्या शब्दानें होई, आणि क्षय तर त्या काळीं घरोघर होता. म्हणून दगडाकडे बोट दाखविणें कठीण जाई.

हें बोट दाखविण्याचें काम विसाव्या शतकांत शास्त्रज्ञांनीं केलें. येल विद्यापीठांतील विन्स्लो आणि त्यांचे सहकारी ग्रीनबर्ग यांनीं १९२० मध्यें कनेक्टिकटमधील कुऱ्हाडींच्या कारखान्यांतील घासण्याच्या दालनांतली धूळ मोजून आपला निबंध प्रसिद्ध केला. दुसऱ्याच वर्षीं ड्रूरी यांनीं अशाच कारखान्यांतील घासणाऱ्या व चकाकी देणाऱ्या कामगारांमधील क्षयाचा हिशेब मांडला. त्याच कारखान्यांतल्या इतर कामगारांच्या मानानें या लोकांत क्षयाचे बळी कितीतरी अधिक होते. एकच गांव, तीच हवा, तेंच पाणी, तोच कारखाना. भेद इतकाच कीं एकाच्या समोर दगडाचें चाक होतें आणि दुसऱ्याच्या समोर नव्हतें. पाण्यांत भिजलेला दगड निर्धोक असतो ही समजूतहि या मोजमापांपुढें टिकली नाहीं. ओल्या चाकाचे तुषार उडत, वाळत, आणि त्यांतील कण हवेंतच राहत. चाकाचा पृष्ठभाग उंचसखल झाला म्हणजे तो तासून सारखा करावा लागे, आणि त्या वेळीं तर धुळीचा लोटच उठे.

आज वैद्यक ही क्रिया स्पष्ट सांगूं शकतें. गारगोटीच्या जातीचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोंचतात. शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात, परंतु पचवूं शकत नाहींत, आणि स्वतःच मरतात. त्यांच्या जागीं व्रण पडतात, फुप्फुस ताठर होत जातें, आणि अशा फुप्फुसांत क्षयाच्या जंतूंना सहज आसरा मिळतो. या रोगाला सिलिकोसिस असें नांव आहे. एकदां झालेला हा रोग औषधानें मागें फिरत नाहीं. धूळ टाळणें हाच उपाय. या गोष्टीचें नातें केवळ परदेशाशीं आहे असेंहि नाहीं. गुजरातेंतील खंबायत येथें अकीक घासणारे कारागीर आणि मध्य प्रदेशांतील मंदसोरच्या भागांत पाटीवरच्या पेन्सिली कापणारे मजूर याच रोगानें ग्रासले गेल्याचें अहमदाबाद येथील शास्त्रज्ञांच्या पाहणींत आढळून आलें आहे. ज्या पेन्सिलीनें घरोघरच्या मुलांनीं श्रीगणेशा गिरविला, तिच्यामागेंहि कोणाचा तरी खोकला होता.

कुऱ्हाडींच्या धंद्यांत सुटकेचा मार्ग निघाला तो एका निराळ्याच दिशेनें. सन १८९१ मध्यें अमेरिकेंतील एडवर्ड अॅचेसन यानें विजेच्या भट्टींत कार्बोरंडम हा अत्यंत कठीण कृत्रिम पदार्थ तयार केला. पुढें तसल्या पदार्थांचीं चाकें वाळूच्या दगडाच्या जागीं येऊं लागलीं. त्यांच्या धुळींत गारगोटीचा तो मारक अंश नसल्यानें, आणि धूळ ओढून नेणारे पंखेहि बसविले गेल्यानें, घासणाऱ्यांचा धोका पुष्कळ उतरला. कॉलिन्स कंपनी यानंतरहि अनेक वर्षें चालली. तिच्या कुऱ्हाडी आणि विशेषतः ऊंस व झुडपें तोडण्याचे लांब कोयते दक्षिण अमेरिकेच्या बाजारांत प्रसिद्ध होते. सन १९५५ च्या ऑगस्टमध्यें फार्मिंग्टन नदीला आलेल्या महापुरानें कारखान्यास मोठा तडाखा दिला, आणि १९६६ मध्यें तो कायमचा बंद झाला. ज्या नदीनें चाकें फिरविलीं ती अजून वाहते. कारखान्याच्या कांहीं जुन्या इमारती उभ्या आहेत, आणि कँटनच्या इतिहास-संग्रहालयांत तेथील हत्यारें मांडून ठेवलीं आहेत.

आतां उरलें तें दुरुस्तीचें शेवटचें काम. जुन्या बाजारांतून आणलेल्या पात्यावर नवा दांडा बसला आहे, छाप उजळला आहे. धार तेवढी लावावयाची आहे. ती विजेच्या चाकावर घाईनें लावूं नये, असें जाणते लोक सांगतात, आणि त्याला कारण आहे. धारेचें पोलाद पाणी देऊन कडक केलेलें असतें. घासतांना तें तापून निळसर झालें, म्हणजे सुमारें तीनशें अंश सेल्सिअसपर्यंत पोंचलें, कीं त्या जागचा कडकपणा गेला. जुना दांडा काढण्यासाठीं पातें विस्तवांत टाकणारे लोकहि याच चुकीनें चांगलें हत्यार वायां घालवितात. म्हणून प्रथम कानशीनें, हलक्या हातानें, धारेचे खांचे मोडून काढावे. मग पाण्यानें किंवा तेलानें ओल्या केलेल्या निसण्यावर दोन्ही बाजूंनीं सारख्या फेऱ्यांनीं ओठ बारीक करावा. ओल्या निसण्यावर धूळ उडत नाहीं. कोरडें घासणें अपरिहार्य असेल तेव्हां तोंडावर योग्य आवरण घ्यावें, आणि चाक वाळूच्या दगडाचें नसावें. कॉलिन्सव्हिलच्या मजुराला ही निवड नव्हती. त्याला धुळीचें नांव ठाऊक नव्हतें, आणि दिवसाकाठीं किती पातीं उतरलीं याचाच हिशेब त्याच्याकडून मागितला जाई.

तासाभराच्या श्रमानें धार निघते. अंगठ्याचा मऊ भाग धारेवरून आडवा हलकेच नेला म्हणजे ती लागली कीं नाहीं हें समजतें. सन १८२६ पूर्वींचा शेतकरी आपली कुऱ्हाड स्वतः घासत बसे, आणि तो त्रास वांचविण्यासाठींच तयार धारेचा कारखाना निघाला. जुनी हातकुऱ्हाड विकत घेणारा मनुष्य त्या शेतकऱ्याच्या जागीं पुनः येऊन बसतो. त्याचे स्वतःचे मनगट दुखतें, हाताला काळिमा लागतो, आणि एका धारेला किती घासावें लागतें हें त्याला प्रथमच कळतें. कारखान्यांतील मनुष्य दिवसाकाठीं अशीं कितीतरी पातीं घासून पुढें सरकवीत असे. पात्यावर कंपनीचा छाप असतो, घासणाऱ्याचा नसतो. धार लावून झाल्यावर तें पातें उजेडांत धरून पाहणाऱ्यानें त्या मनुष्याची क्षणभर आठवण केली, तर हत्याराची दुरुस्ती पुरी झाली असें म्हणतां येईल.